शून्य नंबरची बरणी

मी एक काचेची बरणी बोलतेय. माझ्या पोटावर एक पिवळी पडलेली चिठ्ठी अजून चिकटून आहे आणि तिच्यावर शाईनं काढलेलं भलंमोठं शून्य आहे. नवखा माणूस ते बघतो आणि समजतो, हिच्यात कधी काही नव्हतंच. माझ्यात काही असू नये म्हणून किती जणांनी किती धडपड केली, आणि तरी पहिल्या खेपेला ते कसं जमलं नाही, तीच हकिकत सांगायला बसलेय.

माझा जन्म कुठल्या गावच्या भट्टीत झाला ते मला ठाऊक नाही. मला फुंकणाऱ्या माणसाला त्या वेळी खोकला आला असावा, कारण माझ्या मानेत हरभऱ्याएवढा एक बुडबुडा कायमचा राहून गेला. आम्ही सहा जणी भाताच्या पेंढ्यात गुंडाळून सोलापूरला आलो आणि बाळीवेशीत चनबसप्पांच्या तेलाच्या दुकानात फळीवर बसलो. शेंगदाणा, करडई, तीळ, जवस, खोबरं, एरंडी अशी एकेकीच्या वाट्याला एकेक जात आली. मी करडईची. माझं काम विकायचं नव्हतं, दाखवायचं होतं. गिऱ्हाइकानं यायचं, माझं झाकण काढायचं, बोट बुडवायचं आणि मनगटावर चोळून बघायचं.

तेलाच्या दुकानात बसून माणसं वाचायला शिकता येतं. ज्याला तेल घ्यायचंय तो एकदाच वास घेतो. ज्याला घ्यायचं नाही तो तीनदा घेतो, मान डोलावतो आणि घरी विचारून येतो म्हणतो. सासूबरोबर आलेली सून वास घेतच नाही, सासूच्या तोंडाकडं बघते. अशा कितीतरी सुना माझ्यासमोर सासवा झाल्या.

दुकानात माप टाकायला गुरप्पा होता. साठीचा, उंच, वाकलेला, अक्कलकोटाकडचा. मराठी बोलायचा, पण पुटपुटायचा कानडीत. त्याची एक रीत होती. मापानं तेल ओतून झालं, शेवटची धार तुटली, की पळीनं थोडं तेल वरून घालायचंच. "मेले ओंदु हनि," म्हणायचा. वर एक थेंब. बाटली पाटलाची असो की भांडी घासणारीची, वरचं पडल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर जायची नाही. एकदा एक बाई नुसतीच बाटली धुवायला म्हणून नळावर निघाली होती, तर गुरप्पानं तिला थांबवून बाटलीत थेंबभर तेल टाकलं. "रिकामी कशी नेता?" म्हणाला. ती बिचारी धुवायलाच निघाली होती!

आणि मालक चनबसप्पा. सगळे त्यांना अप्पा म्हणत. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी ते पुड्या बांधायच्या रद्दी पेपरावर शिकले आणि इंग्रजी डब्यांवरच्या लेबलांवर. एका डब्यावरचं 'थंड जागी ठेवा' हे इंग्रजी वाक्य त्यांनी दोन वर्षं कंपनीचं नाव समजून उच्चारलं होतं. ही गोष्ट दुसऱ्या कुणी नाही, त्यांनीच गिऱ्हाइकांना हसत हसत सांगितली. ज्याला स्वतःवर हसता येतं त्याच्याशी वाद घालणं फार अवघड असतं. समोरचा अर्धा तिथंच विरघळतो.

बहात्तरच्या दुष्काळात खायचं तेल घेणारे कमी झाले तेव्हा अप्पांनी गिरण्यांकडं बघायला सुरुवात केली. चादरीचं सूत मागावर चढवण्याआधी मऊ करावं लागतं, नाहीतर ते तुटतं. त्यासाठी बाहेरगावाहून डबे यायचे. अप्पांनी एक डबा उघडला, बोटावर चोळला, वास घेतला आणि म्हणाले, "हे आपलंच आहे की. वेष बदललाय नुसता." मग तीन वर्षं त्यांनी डोकं खपवलं. करडईच्या तेलात स्पिरिटच्या जातीचं एक रसायन आणि थोडं आम्ल घालून मंद आचेवर शिजवायचं. तेलाचं जड अंग खाली बसतं आणि पातळ, हलका, जवळजवळ बिनवासाचा रस वर येतो. पुस्तकात त्याला मेदाम्लांचे एस्टर म्हणतात हे आम्हाला फार नंतर कळलं. अप्पांनी त्याचं नाव ठेवलं मऊतेल. विणकरांनी ते वापरलं आणि सूत रेशमासारखं सरकू लागलं.

अक्कलकोट रस्त्याला केरेवाडी नावाचं लहान गाव आहे. तिथं तळ्याच्या वरच्या अंगाला अप्पांची जमीन होती. शहात्तर साली तिथं भट्टी उभी राहिली. भट्टीची भांडी धुतली की दुधासारखं पांढरं पाणी निघायचं. ते एका डबक्यात साठवलं जाई. डबकं काठोकाठ भरत आलं तेव्हा अप्पांनी तिथून तळ्यापर्यंत एक पाट खणला. तो उघडायचा तेवढा राहिला होता.

आणि मग एका सोमवारी सकाळी बजाबाई दुकानात आली.

बजाबाई केरेवाडीची भोईण. तळं तिनं गावाकडून मासळीसाठी घेतलेलं होतं. तिच्या डोक्यावर रिकामी पाटी होती आणि पदर कमरेला घट्ट खोचलेला. तिनं वास घेतला नाही, बोट बुडवलं नाही. सरळ गल्ल्यापाशी उभी राहिली.

"अप्पा, तो पाट कुटं चाललाय?"

"तळ्याकडं."

"ते दिसतंय की. सोडनार काय हाय त्यातनं?"

"पाणी, बजाबाई. भांडी धुतल्याचं."

"तुमची भांडी दूध पित्यात व्हय? डबक्यात वाकून बघितलं मी. पांढरंफेक हाय!"

अप्पांनी मऊतेलाच्या डब्याचं झाकण काढलं, करंगळी बुडवली आणि सगळ्यांदेखत चाटली. "बघ. मुळात करडईचं तेल आहे. विष असतं तर मी चाटलं असतं?"

"तुमी चाटशिला. तुमचं पोट हाय पखालीयेवढं. माजं झिंगं बोटाच्या पेरायेवढं. त्यानं किती चाटायचं?"

दुकानातली माणसं हसली. अप्पाही हसले, पोटाकडं बघून. बजाबाई मात्र हसली नाही.

"हसू नगा. बहात्तरला तळं भेगाळलं. झिंग्याचं बी सुदीक ऱ्हायलं न्हवतं. भीमेच्या डोहातनं मी घागरीनं आनून सोडलंय. डोक्यावर घागर, आनि मदी मदी थांबून पान्यात फुंकायचं, दम कोंडू नये म्हनून. चार वरसं झाली. आता कुटं जाळ्याला वजन याय लागलंय. आनि तुमी पाट खनताय."

अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "बजाबाई, पाट लगेच उघडत नाही. आधी तपासतो. तळ्यातला जीव माझ्या पाण्यानं मेला, तर पाट वळवला समज. हा शब्द."

"आनि न्हाय मेला तर?"

"तर तू मला झिंग्याचं नाव सांगायचं नाही."

"बरं," बजाबाई म्हणाली. पण ती 'बरं' असं म्हणाली, की मला माझ्या मानेतला बुडबुडा टोचल्यासारखा झाला.

अप्पांनी आमच्यातल्या चौघींना फळीवरून उतरवलं. तेल काढलं, सोड्यानं आणि उकळत्या पाण्यानं धुतलं. इतक्या वर्षांनी माझ्या अंगातून उजेड आरपार गेला. बजाबाईनं तळ्यातून फडक्यानं गाळून पाणपिसवा आणून दिल्या. तिळाएवढ्या, पारदर्शक, सारख्या टणाटण उड्या मारणाऱ्या. झिंग्यांची पिल्लं आणि माशांची पिल्लं यांच्यावरच वाढतात, असं ती म्हणाली. चौघींत पिसवा सोडल्या, तिघींत भट्टीचं पाणी घातलं आणि दोन दिवस वाट पाहिली. एकही मेली नाही. अप्पांनी सगळ्यांना पेढा दिला. बजाबाईचा पेढा तिनं पदराच्या गाठीत बांधला, खाल्ला नाही.

पाट दुसऱ्या दिवशी उघडायचा होता. पण त्याच संध्याकाळी शकुंतलाबाई तेल न्यायला आल्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. तिशीच्या, चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, आणि बाटलीच्या गळ्याला नेहमी स्वच्छ दोरी. फळीवरच्या आमच्यात उड्या मारणारे ठिपके पाहून त्या वाकल्या.

"अप्पा, तेलाच्या दुकानात पाणपिसवा?"

अप्पांनी सगळं सांगितलं, अभिमानानं. बाई ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "दोन दिवसांत मेल्या नाहीत, एवढंच तुम्हाला कळलं. त्यांचं पुढं नीट चाललंय का, ते कुठं कळलं?"

"म्हणजे?"

बाईंनी मला उचललं, उजेडाकडं धरलं. "ही बघा. हिच्या पाठीत पिशवी आहे, दिसतेय? त्यात अंडी आहेत. तीन-तीन दिवसांनी ही पिल्लं सोडते. नर लागत नाही."

"नवराच न्हाय?" उंबऱ्यावर बसलेली बजाबाई म्हणाली. "बरं हाय की मग त्यांचं!"

बाई हसल्या. "एकवीस दिवस ठेवा. तेवढ्यात एक आई पाच-सहा वेळा बाळंत होते. आयांना मोजू नका, पिल्लांना मोजा. पाण्यात काही वाईट असेल तर आई मरत नाही, पण ती पिल्लं द्यायची थांबते."

अप्पांनी कपाळ खाजवलं. आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "कळलं. दुकानाचं दार उघडं आहे का, एवढं बघून चालत नाही. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येतंय का, ते बघायचं."

"अगदी तेच," बाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं, अप्पा आता पेढा वाटून झालाय म्हणून सुटका करून घेतील. पण त्यांना शिकायची हौस लेबलं वाचण्यापासूनची. "एकवीस तर एकवीस," म्हणाले. भट्टी बंद ठेवली. विणकरांची माणसं रिकामे डबे घेऊन आली आणि तोंडं वाकडी करून तशीच परत गेली.

बाईंनी पद्धत घालून दिली. मऊतेल पाण्यात विरघळत नाही, वर तवंग येतो आणि त्या तवंगात पिसवा चिकटून मरतात. ते विष नव्हे, तो नुसता फास. म्हणून मोठ्या घागरीत भट्टीचं पाणी दिवसभर ढवळायचं, रात्रभर निवळू द्यायचं आणि खालचं नितळ पाणी रबरी नळीनं काढायचं. त्या पाण्याची एक नंबरच्या बरणीला एक माप, दोन नंबरला दोन, तीन नंबरला चार. बाकी विहिरीचं पाणी. आणि मला काहीच नाही, नुसतं विहिरीचं. म्हणून माझ्या पोटावर शून्य. प्रत्येकीत दहा आया. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, पिल्लं मोजून बाजूला काढायची, तळ्यातलं हिरवं पाणी खायला घालायचं.

मोजायचं काम अप्पांचं, हातात भिंग घेऊन. पाणी बदलायचं आणि माप घालायचं काम अर्थात गुरप्पाचं. पहिल्याच दिवशी त्यानं माप घालून पळी उचलली, तशा बाई ओरडल्या, "गुरप्पा, नाही! या तिघींना मापावर एक थेंबसुद्धा जास्त जाता कामा नये!"

गुरप्पाचा हात तसाच थांबला. आयुष्यात त्याला असं कुणी सांगितलं नव्हतं. पण तो आज्ञेतला माणूस. "न्हाय घालत, बाई," म्हणाला आणि पळी खाली ठेवली. बाईंचं समाधान झालं. त्या गेल्या.

आणि आता ते सांगते, जे त्या दिवसांत गुरप्पा आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. बाई गेल्यावर गुरप्पा आमच्यासमोर उभा राहिला. तिघींना मापं मिळाली होती. माझ्याकडं बघून त्याचा चेहरा पडला. हिला माप नाही, वरचंही नाही. मग त्यानं पळी उचलली आणि तिघींच्या वाट्याचं वाचलेलं वरचं, तीन पळ्या, त्या नितळ पाण्यातून काढून माझ्यात घातलं. "निनगू बेकल्ल," तो हळू म्हणाला. तुलाही हवं की. आणि मायेनं माझ्या पोटावरून हात फिरवला.

दर दोन दिवसांनी हेच. मी काय करणार? बरणीला तोंड असतं, पण ते दुसऱ्यांनी ओतण्यासाठी असतं. माझ्या पोटातल्या आया दिसायला धडधाकट होत्या. उड्या मारत होत्या, हिरवं पाणी खात होत्या. पण त्यांच्या पाठीतल्या पिशव्या हळूहळू सपाट होत चालल्या. अंडी यायची, त्यातली निम्मी काळी पडायची, विरून जायची. मी त्यांच्याभोवती चारी बाजूंनी होते आणि मला सगळं आरपार दिसत होतं.

एकविसाव्या दिवशी दुकानात सगळे जमले. बाईंनी वहीतून आकडे वाचले. एका आईमागं पिल्लं किती, ते. "तीन नंबर, एकोणीस. दोन नंबर, अडतीस. एक नंबर, बावन्न." त्यांनी चष्मा पुसला. "शून्य नंबर... सत्तावीस."

"किती?" अप्पा उठूनच उभे राहिले. "साध्या पाण्यात सत्तावीस आणि माझ्या पाण्यात बावन्न? बाई, माझं पाणी विष कसलं, माझं पाणी तर टॉनिक निघालं!"

"काहीतरी चुकलंय," बाई म्हणाल्या. "साध्या पाण्यात साठाच्या आसपास यायला हवीत. विहिरीच्या पाण्यातच काही दोष असेल."

"चारींना विहीर एकच की. तीन नंबर कमी आहे, कबूल. मग आणखी पातळ करून सोडू, एक नंबरसारखं. पण बाई, आकडा आपल्याला आवडला नाही म्हणून विहिरीला कशाला बोल लावायचा?"

बजाबाई एकदा बाईंकडं, एकदा अप्पांकडं बघत होती. आकडे तिला कळत नव्हते, पण तोंडं कळत होती. तिनं पाटी उचलली. "म्हंजे पाट सुटनार," एवढंच म्हणाली.

"उद्या सकाळी," अप्पा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचा तोरा नव्हता. "थांब, तुझ्या पिसवा तर घेऊन जा." आणि त्यांनी मला उचलून तिच्या मडक्यात उपडी केली.

तेव्हा ते घडलं. विहिरीचं पाणी धुतलेल्या काचेवरून सलग उतरतं, पडद्यासारखं. माझ्या भिंतीवरून ते सलग उतरलं नाही. त्याचे मणी झाले. लहान लहान, गोल, एकमेकांपासून फटकून राहणारे मणी. अप्पांनी चाळीस वर्षं काचेवरचं तेल पाहिलंय. त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

मी त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते. त्या डोळ्यांत जे चाललं ते मी पाहिलं. बाई वहीत मान घालून बसल्या होत्या. बजाबाई मडक्याला फडकं बांधत होती. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. मला फळीवर ठेवून दिलं असतं तर तासाभरात मणी वाळले असते, आणि विहिरीच्या पाण्याचा दोष कायमचा विहिरीलाच राहिला असता. बंद पडलेली भट्टी, रिकामे परत गेलेले डबे, तीन वर्षांची मेहनत. त्यांनी मला फळीवर ठेवलं. सहज, नेहमीसारखं. मग पुन्हा उचललं.

"गुरप्पा," ते म्हणाले, "हिच्यात काय घातलंस?"

"काय न्हाय, अप्पा. हिला माप न्हाय म्हनलं हुतं न्हवं? माप न्हाय घातलं."

"मग?"

"वरचं तेवढं घातलं. तिघींना देऊ नगा म्हनल्या बाई, ते उरलं हुतं." तो सगळ्यांकडं बघू लागला. "हिला काय न्हाय दिलं तर बरं दिसंल काय?"

बजाबाईच पहिल्यांदा हसली, पदर तोंडाला लावून. तिच्या मागोमाग बाई. अप्पा गल्ल्यावर बसले आणि त्यांचं पोट गदगदा हलू लागलं. गुरप्पा एकटा गंभीर होता. आपण काय केलं हे त्याला कळलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. "काढून टाका मला, अप्पा," म्हणाला.

"काढून टाकतो तर खरा," अप्पा म्हणाले, "पण मग पुढचे एकवीस दिवस माप कोण घालणार?"

बजाबाईचं हसू थांबलं. "पुन्यांदा करनार?"

"पुन्हा. पहिल्यापासून."

"आनि तवर पाट?"

"बंद."

दुसऱ्या खेपेला गुरप्पा माझ्यापाशी आला की पळी आधीच दूर ठेवून यायचा. तिघींना मापं घालून झाली की हात पाठीमागं बांधून माझ्यासमोर उभा राहायचा. पहिले काही दिवस त्याचा उजवा खांदा आपोआप पुढं यायचा. काही न देणं ही गोष्ट त्या म्हाताऱ्यानं साठाव्या वर्षी शिकली, आणि कुणाला काही देण्यापेक्षा ती किती जड असते ते मी त्याच्या तोंडावर पाहिलं.

आणि माझ्या पोटात काय चाललं होतं म्हणून सांगू! तिसऱ्या दिवशी पहिली पिल्लं सुटली, धुळीच्या कणांसारखी. सहाव्या दिवशी आणखी, नवव्या दिवशी इतकी, की अप्पा मोजता मोजता चुकले आणि पुन्हा मोजायला बसले. मी दोनदा बाळंतघर झाले म्हणा ना. पहिल्यांदा निम्मे पाळणे हललेच नाहीत, दुसऱ्यांदा जागा पुरेना.

एकविसाव्या दिवशी पुन्हा सगळे आले. बाईंनी वाचलं. "तीन नंबर, अठरा. दोन नंबर, सदतीस. एक नंबर, एक्कावन्न. शून्य नंबर, त्रेसष्ट."

कुणी टॉनिक म्हणालं नाही.

अप्पांनी वही स्वतःच्या हातात घेतली. मग विचारलं, "बाई, या चारींत आया किती मेल्या?"

"एकही नाही."

"तीन नंबरमध्येसुद्धा?"

"नाही. चाळीसच्या चाळीस जिवंत आहेत."

बजाबाईचा हात पाटीवर घट्ट झाला. तिला तो शब्द आठवला असणार, मलाही आठवला. जीव मेला तर पाट वळवीन, असं अप्पा म्हणाले होते. आणि मेलं तर कुणीच नव्हतं. बाजारात अशा शब्दांवर माणसं सहज सुटतात. मी फळीवरून कितीदा पाहिलंय, आणि सुटलेल्याला चार जण शाबासकीही देतात.

"बजाबाई," अप्पा म्हणाले, "झिंगा किती जगतो?"

"वरीस. लई झालं तर दीड."

"म्हणजे मी आज पाट सोडला, तर वर्षभर तुझ्या जाळ्यात झिंगे येतच राहणार."

"येनार. मोटं मोटं येनार. लहान न्हाईत म्हनून कुनाच्या ध्येनात बी यायचं न्हाई."

"आणि मग?"

"मग एका दिशी जाळं वर काडायचं, तर पानीच." तिनं पाटी खाली ठेवली. "तवा मी तुमच्याकडं येनार, आनि तुमी म्हननार, माजं पानी तर वरीसभर येतंय, तवा कुटं काय झालं? मेल्यालं दिसतं, अप्पा. जे जलमलंच न्हाई, ते कुनाला दाखवू?"

अप्पांनी वही मिटली. मग त्यांनी टोपी काढली, पुसली, परत घातली आणि गुरप्पाला म्हणाले, "केरेवाडीला निरोप दे. पाट बुजवून टाका. मातीनं नको, दगडानं."

"आनि डबक्याचं पानी?" गुरप्पानं विचारलं.

"वरच्या शेतात तीन उथळ खड्डे काढू. तळ फरशीचा. तवंग वरून काढून पुन्हा भट्टीत घालायचा, पाणी उन्हात वाळवायचं. सोलापुरात आणखी काही नसलं तरी ऊन मुबलक आहे."

"पन ते शेत रत्नम्माच्या शाळूचं हाय, अप्पा."

"ते मी बघतो," अप्पा म्हणाले. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते खरोखर घाबरलेले दिसले, कारण रत्नम्मा त्यांची बायको होती.

तिनं काय ऐकवलं ते मला ठाऊक नाही, मी दुकानात होते. पण खड्डे झाले. शाळू दोन बिघे मागं सरकला. सगळंच गोड झालं असं मात्र समजू नका. पावसाळ्यात खड्ड्यांतलं पाणी वाळेना, तेव्हा भट्टी बंद ठेवावी लागायची. काही विणकर कायमचे दुसरीकडं गेले. अप्पांना त्याचं वाईट वाटायचं आणि ते बोलूनही दाखवायचे. बजाबाई दुकानात आली की तिला म्हणायचे, "तुझ्या झिंग्यांनी मला बुडवला." ती म्हणायची, "बुडायचं व्हतं तर पवायला शिकायचं हुतं."

आमच्यातल्या तिघी बाईंबरोबर कॉलेजात गेल्या. मला अप्पांनी जाऊ दिलं नाही. चिठ्ठीसुद्धा काढू दिली नाही. माझ्यात पुन्हा तेल भरायचीही कुणाची छाती झाली नाही. गल्ल्याशेजारी मी नुसती बसून असते आणि येणारा-जाणारा विचारतो, हे शून्य कसलं? मग अप्पांना गोष्ट सांगायला निमित्त मिळतं. दर खेपेला गोष्टीत गुरप्पाच्या पळ्या वाढत जातात. परवा सात झाल्या होत्या. गुरप्पा आता कानानं अधू झालाय, म्हणून निभावतंय.

काच ही ठिसूळ जात. कधी कुणाचा कोपर लागेल सांगता येत नाही. म्हणून जाण्याआधी एवढी एकच विनंती करते. कुणी तुम्हाला म्हणालं, या पाण्यानं कोण मेलं दाखवा, तर घाईनं मान हलवू नका. एकवीस दिवस थांबा.

आणि आता आजची गोष्ट. आज बाजाराचा दिवस. बजाबाई आली ती डोक्यावर मडकं घेऊन आणि ओल्या पानांचा द्रोण दोन्ही हातांत धरून. गल्ल्याशी आली, मला पुढं ओढलं, मडक्यातलं तळ्याचं पाणी माझ्यात ओतलं आणि द्रोण त्यात उपडा केला. काचेसारखे झिंगे माझ्या पोटात सळसळले. मोठे, आणि मोठ्यांच्या शेपटांखाली अंड्यांचे घोस, आणि त्यांच्या भोवती बारीक बारीक, नुकतेच फुटलेले, इतके की पाणी हलतंय असं वाटावं.

अप्पा दचकून मागं सरकले. "अगं बजाबाई! आम्ही लिंगायत माणसं. दुकानात मासळी घेऊन आलीस?"

"खायाला न्हाई, अप्पा," बजाबाई म्हणाली. "मोजायला आनलीया."

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. मग गिऱ्हाइकांना हातानंच थांबा म्हणून सांगितलं, खण उघडून भिंग काढलं, मला उजेडाकडं वळवलं आणि नाक माझ्या काचेला टेकवून मोजायला सुरुवात केली.

"ओंदु, एरडु, मूरु..."

दुकान थांबलंय. अजून मोजणं चाललंय.